नवसाचं पाणी

"नवस तुमचा, आत्याबाई. फेडायचा म्या काहून?"

"हळू बोल. भिंतीपल्याड दुर्गाबाई कान देऊन बसली असंल."

"बसू द्या. म्या तर काल अख्ख्या खळ्यादेखत बोलले. पाटलाच्या गड्याला म्हनलं, ह्या पेंढ्या उचल अन् माघारी ने. आमच्या घराला बलुतं नगं."

आसराबाईनं खांद्यावर धरलेली, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट खाली ठेवली.

"माघारी धाडल्या?"

"धाडल्या."

"आगं, बलुतं माघारी धाडनं म्हंजी गावाच्या तोंडावर थुकनं झालं."

"अन् घेनं म्हंजी? दावं हाय ते, आत्याबाई. इतकी सालं तुमच्या गळ्यात व्हतं. आता तुमचा खांदा गेला, तर माझ्या गळ्यात घालून राह्यले. उद्या मला काही झालं तर ह्या पोरीच्या." कडूबाईनं एका कडेवरची पोर झटक्यानं दुसऱ्या कडेवर घेतली. "सांगा ना, नवस बोलल्या तव्हा मला इचारलं व्हतं?"

"तू तव्हा सात-आठ वर्साची. हसनाबादेत बापाची मेंढरं वळत व्हतीस. तुला कुठं येऊन इचारू?"

"मंग झालं तर!"

सून हसली नाही, सासूही नाही. आसराबाईनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. आठ दिवसांपासून तो हात असाच दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा उचलून ठेवावा लागत होता.

"कडूबाई, आठ दिवस झाले, बारवेवर शेंदाया कुणी न्हाई. मानसं पाण्यात उतरून राह्यली. पाटलाचा मेव्हणा रामकिसन शहागडहून आलाय, पायाला फोड घेऊन. काल पायरीवर बसून पाण्यात पाय सोडला म्हनं त्यानं. आग थांबते म्हनून. तुला कळतंय का त्याचा अर्थ?"

"न्हाई कळत. तुमी कव्हा सांगितला?"

या प्रश्नाला आसराबाईकडे उत्तर होतं, पण ते देण्याची वेळ चौदा वर्षांपूर्वी होऊन गेली होती.

अंगणातून कोतवालाची हाक आली. "आसराबाई! चावडीवर बोलावलंय. पाटील बसलेत. सूनंला बी घेऊन या, जल्दी!"

*

वाटूरपासून दोन कोसांवर निमगाव. तिथली बारव जुनी, कुणी बांधली ते कुणालाच सांगता येत नाही. तीन बाजूंनी उभा दगड आणि चौथ्या बाजूनं थेट पाण्यात उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या. तळाशी, शेवटच्या कोनाड्यात, शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांच्याच नावावरून आजीनं आसराबाईचं नाव ठेवलेलं. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात शिरायचं, घागर बुडवायची आणि ओल्या लुगड्यानं वर यायचं. गावाचं पाणी असंच चालत आलं होतं.

आणि दर चैत्रात निमगावातली निम्मी माणसं ओसरीला पाय पसरून बसलेली असत. पायाला फोड येई, फोड फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढी. नारू. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, आणि काडी पायालाच बांधून ठेवायची. महिना जातो, कधी दोन. पायाची आग इतकी की माणसं पाण्यात पाय सोडून बसत. बारवेच्या तिसऱ्या पायरीला तर नारूवाल्यांची पायरी असंच नाव पडलं होतं. ऐन कामाच्या दिवसांत शेतं तशीच पडून राहत. कुणाला त्याचं नवल नव्हतं. उन्हाळा आला की ऊन, तसा उन्हाळा आला की नारू.

आसराबाईच्या नवऱ्याला, बिरूला, दोन निघाले. एक घोट्याला, एक गुडघ्याखाली. बिरू धनगर माणूस, मेंढरांमागे वीस वीस कोस चालणारा. त्याला महिनाभर ओसरीला बसणं जमेना. त्यानं गुडघ्याखालचा ओढला. किडा आतल्या आत तुटला आणि दुसऱ्या दिवशी पाय घागरीएवढा झाला. गाडीत घालून परतूर, परतूरहून रेल्वेनं जालना. आसराबाई रेल्वेत पहिल्यांदाच बसली, आणि खिडकीतून काय दिसलं हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

जालन्याच्या दवाखान्यात मेंदी लावलेल्या दाढीचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी पाय पाहिला, बिरूच्या कपाळावर हात ठेवला आणि आसराबाईला बाहेर नेलं.

"कौनसे गाव की?"

"निमगाव."

"बावडी है? सीढ्याँ वाली?"

"हाव."

"लोगाँ पानी में उतरते?"

"मंग पानी कसं भरायचं, सायेब?"

डॉक्टरांनी मान हलवली. असल्याच कुठल्यातरी गावच्या पाण्यानं भरलेली काचेची शिशी त्यांनी कपाटातून काढली आणि उन्हात धरली.

"देखो अम्मा. धूप में देखो. नाचता सो दिखरा?"

आधी काही दिसेना. मग दिसलं. राईच्या दाण्याहूनही बारीक, पांढरं, झटके देत वर-खाली होणारं. एक नव्हे, कितीतरी.

"तुमारे मरद का कीडा पाँव से अंदर नहीं गया. मुँह से गया. ये पिया, साल भर पेट में पला, फिर पाँव से निकला. निकला तो फिर पानी में पाँव डाला. फिर दूसरे पिये. समझे?"

आसराबाई समजली. एवढं मोठं काही एका झटक्यात आपल्याला समजलं याचीच तिला भीती वाटली.

"उतरना नक्को. कपडे से छान के पीना, दोहरे कपडे से. बस. इत्ताच. न सुई, न दवा."

"इतकंच?"

"इत्ताच," म्हातारा म्हणाला. "और इत्ताच कोई नहीं करता."

बिरू अकराव्या दिवशी गेला. आसराबाई परत आली ती कमरेला एक शिशी खोचून, रिकामी, डॉक्टरांनी दिलेली.

*

साल फसली तेराशे बेचाळीस, म्हणजे चौदा वर्षांमागची गोष्ट. जेठ महिना. आसराबाईनं बारवेचं पाणी शिशीत भरलं आणि भर सकाळी पारावर जाऊन उभी राहिली. नवऱ्याचा तेरावा होऊन चार दिवस झाले होते.

"हे बघा. उन्हात धरून बघा."

म्हातारे पाटील, म्हणजे आताच्या बद्रीनाथ पाटलांचे वडील, बसल्या जागी डोळे बारीक करून म्हणाले, "काय दाखवून राह्यलीस?"

"किडे. पाण्यातले. ह्यांच्यानंच नारू व्हतो."

"मला तर शिशी दिसती."

"नीट बघा मालक, नाचून राह्यलेत."

"तुझ्या डोळ्यात पानी हाय, त्यात नाचत असतील," पारावरचा कडूबा म्हणाला. कडूबा तेव्हा तरणा होता आणि गावाला हसवणं हे त्याचं काम आहे अशी त्याची समजूत होती. पार हसला.

पाटलीण द्वारकाबाई पाण्यावरून येत होत्या. त्या हसल्या नाहीत. घागर काखेत, ओलं लुगडं पायांना चिकटलेलं. म्हणाल्या, "आसरांच्या पाण्याला किडे म्हनतीस? नवरा गेला म्हनून ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा बोललीस तर जीभ झडंल."

महिनाभर ती शिशी घेऊन दारोदार फिरली. कुणी पाणी पाजलं, कुणी गूळ दिला, कुणी रडून घेतलं बिरूसाठी. शिशीत कुणी पाहिलं नाही. जे पाहत ते शिशी आडवी धरून तिच्यातून सूर्याकडे पाहत.

मग आषाढ लागायच्या आधी एका सकाळी ती बारवेच्या पायऱ्यांवर आडवी उभी राहिली. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. द्वारकाबाई पहिल्या आल्या.

"सरक."

"तुमची घागर म्या भरून देते, मालकीनबाई. वरून. तिकडं मोटेची जुनी जागा हाय, तिथून पोहऱ्यानं शेंदते. तुमी उतरू नगा."

"माझे पाय मोडले न्हाईत."

"न्हाई, पन..."

"पन काय? सरक म्हनते ना!" त्यांनी तिला खांद्यानं ढकललं. एक पाय पाण्याच्या पायरीवर पडलाच होता.

"माझा नवस हाय!"

हे कुठून आलं ते आसराबाईला कधीच कळलं नाही. पण आलं, आणि द्वारकाबाईंचा पाय जागीच थांबला.

"कसला?"

"आसरांचा. गावाची घागर म्या भरंन म्हनून. एक साल. कुणाचा पाय पाण्याला लागू द्यायचा न्हाई म्हनून. त्यांच्या... बिरूच्या नावानं बोललेय."

द्वारकाबाईंनी पाय काढून घेतला. तळाच्या कोनाड्याकडे पाहून हात जोडले. "आधी का न्हाई सांगितलंस, बाई? दुसऱ्याचा नवस मोडायचं पाप माझ्या माथी आलं असतं." आणि वर जाऊन मोटेच्या जागेपाशी घागर धरून उभ्या राहिल्या.

शिशीनं जे महिनाभरात झालं नाही ते एका खोट्या शब्दानं झालं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. नवस म्हटल्यावर कडूबासुद्धा थट्टा करत नव्हता.

*

तेव्हापासून पहाट फुटायच्या सुमाराला आसराबाई मोटेच्या जुन्या दगडावर पाय रोवून उभी. चऱ्हाट खाली सोडायचं, पोहरा बुडाला की ओढायचं, घागरीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं धरायचं आणि ओतायचं. फडकं का, असं विचारलं तर म्हणायची, "नवसाला लागतं." रायभान, तिचा मुलगा, तेव्हा पाटलाच्या शेतावर सालगडी. घरची भाकर संध्याकाळी एकदाच व्हायची.

पाळीचा नियमही तिनंच काढला. जो आधी आला त्याला आधी. गावकुसाबाहेरच्या माणसांना बारवेला हात लावायची बंदी होती. ती लांब उभी राहत, कुणाला दया आली तर वरून ओतून मिळे, नाहीतर दुपार होई. पहिल्याच आठवड्यात सगुणाबाई घागर घेऊन आली आणि सवयीनं लांब, चिंचेखाली, बसली. मागून द्वारकाबाई आल्या.

"सगुणा, आन घागर."

सगुणाबाई उठली नाही. "मालकीनबाई हाईत."

"तू आधी आलीस. नवसाला पाळी हाय."

द्वारकाबाईंच्या तोंडावर रागाची एक लाट आली आणि नवसापाशी येऊन थांबली. आसराबाईनं पोहरा उचलला आणि लांबूनच, पण पाळीनं, सगुणाबाईच्या घागरीत ओतला. सगुणाबाई घागर डोक्यावर घेता घेता हळूच म्हणाली, "आजवर आमीच उभं राहत व्हतो हात पसरून. आता समदं गावच उभं राह्यलं आमच्यावानी. चांगला नवस हाय तुजा."

मग दोन पावलं पुढं जाऊन मागं वळली. "खरं सांग आसरे. नवस कशाचा?"

निमगावात हा प्रश्न एवढ्या एका बाईनं विचारला. आसराबाईनं तिला शिशी दाखवली. सगुणाबाईनं ती उन्हात धरली, खूप वेळ धरली, आणि म्हणाली, "आय्यो. नाचत्यात."

पहिलं साल सरलं. चैत्र आला आणि नारूही आला, पूर्वीइतकाच. आधी प्यायलेलं पाणी पायातून निघायला वर्ष लागतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. गावाला सांगायची सोय नव्हती. कडूबा पायाला काडी बांधून ओसरीवरून ओरडला, "आसराबाई, तुझ्या आसरा बहिऱ्या दिसत्यात!"

"नवस सवादोन वर्सांचा हाय," आसराबाई म्हणाली. एका खोट्याच्या पोटात दुसरं निघालं. ती पुन्हा चऱ्हाटाला लागली.

दुसऱ्या चैत्रात निमगावात एकाही पायाला काडी नव्हती. म्हातारे पाटील घरोघर फिरून माणसांचे पाय बघत होते, मुलीला बघायला गेल्यासारखे. त्या साली शेतं वेळेवर नांगरून झाली. दुसऱ्या गावांनी विचारलं, तुमचा नारू कुठं गेला? निमगाव म्हणालं, आसरांना आमच्या आसराबाईचा नवस पावला.

आता सांगायचं, असं तिनं ठरवलं. सव्वादोन वर्षं झाली, नारू गेला, आता समजावून सांगितलं तर पटेल. तेवढ्यात खरिपाची सुगी आली आणि पाटलांनी तिला खळ्यावर बोलावलं.

सुतार, कुंभार, न्हावी, परीट, सगळे आपापलं बलुतं घ्यायला उभे होते. पाटलांनी ज्वारीच्या टपोऱ्या कणसांच्या पेंढ्या स्वतः उचलल्या, दोन्ही हातांनी, आणि तिच्या पदरात घातल्या. "गावाकडून," म्हणाले. बिरू गेल्यापासून गावानं तिला आपणहून काही दिलं नव्हतं. तिनं पेंढ्या छातीशी धरल्या. तिला वाटलं, ही माया आहे. मायाच होती, पण मायेला दुसरा रस्ता गावाला ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा. चुलीपाशी बसून गावाला काय सांगायचं त्याचे शब्द जुळवत होती, तेवढ्यात दारात कोतवाल.

"आसराबाई, अजून घरीच? मानसं खोळंबली बारवेवर!"

"नवस संपला की रे, भाऊ. आता ज्याचं त्यानं शेंदावं, फडक्यानं गाळावं. म्या आज सांगनारच हाय."

"नवसाचं कोन बोलून राह्यलं? बलुतं घेतलं ना काल? मंग!"

खळ्यावरचं बलुतं घेणं म्हणजे काम पत्करणं. आपल्यापुरतं नव्हे, घरापुरतं. पिढी पुढं गेली की कामही पुढं जातं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. निमगावात जन्मभर राहून कसं माहीत नसेल? पण ते सुताराचं, कुंभाराचं. आपल्या हातातली माया त्या रांगेत बसेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती उठली, चऱ्हाट खांद्यावर टाकलं आणि गेली.

*

नंतर तिनं एकदा जोर लावला. परतूरला जाऊन अर्ज लिहिणाऱ्याकडून उर्दूत दरखास्त लिहून घेतली. बारवेच्या पायऱ्या पाण्यापाशी भिंत घालून बुजवाव्यात, वर चाक बसवावं, म्हणजे कुणी उतरणार नाही आणि कुणाला उभंही राहायला नको. लिहिणाऱ्यानं विचारलं, "काम किस का? आपका?" ती म्हणाली, "कुनाचंच न्हाई. म्हनून तर लिहा."

तहसिलीतून उत्तर यायला दोन वर्षं लागली. चुना आणि चाक सरकार देईल. दगड आणि माणसं गावानं द्यावीत. गाव पारावर बसलं आणि पंधरा मिनिटांत उठलं. "भिंत कशाला? आसराबाई हाय ना." शिवाय पायऱ्या म्हणजे आसरांची वाट. नवसाला पावलेल्या आसरांची. तिच्या नवसामुळे बारवेला आता आजूबाजूच्या गावांतून बायका ओटी भरायला येऊ लागल्या होत्या. वाट बुजवायची कुणाची छाती होती?

चाक कुठल्यातरी दुसऱ्या गावाला गेलं. आसराबाई दगडावर राहिली. सकाळ-संध्याकाळ, सणासुदीला, रायभानच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. हळद लागलेल्या हातांनी बायका घागरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वरमाय, जल्दी करा." तळहातांना चऱ्हाटाच्या दोन कायमच्या पन्हळी पडल्या. परगावाहून एखादा पायात घेऊन यायचा तेवढाच; एरवी गावात अशी पोरं वाढली की ज्यांनी नारू पाहिलाच नव्हता. नारू म्हणजे काय, असं ती विचारत आणि म्हातारे सांगत, आसरांच्या कोपानं व्हायचा, पूर्वी.

या फाल्गुनात एका सकाळी पोहरा अर्ध्यात आला असताना तिचा खांदा कटकन वाजला. चऱ्हाट सुटलं. वर उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "माझी घागर?"

*

चावडीवर बद्रीनाथ पाटील तक्क्याला टेकून बसले होते. बापासारखेच, पण आवाज मऊ. कडूबा आता म्हातारा, तरी पुढच्या रांगेत. रायभान मागं खांबाआड, मान खाली. पायऱ्यांच्या खाली, ऊन टाळून, सगुणाबाई आणखी दोघीतिघींबरोबर बसलेली. आसराबाई पायरीवर टेकली. कडूबाई पोरीला घेऊन तिच्यामागं उभी.

"खांदा कसा हाय, आसराबाई?"

"हाय तसाच, पाटील."

"खांद्याचं काय इचारता, पेंढ्यांचं इचारा," कडूबा म्हणाला. "सूनबाईनं खळ्यावर तमाशा केला. सुतार-कुंभार बघून राह्यले. उद्या त्यांनीबी असंच केलं तर गाव चालायचं कसं?"

"सूनंनं बराबर केलं," आसराबाई म्हणाली.

कडूबाईनं चमकून सासूच्या पाठीकडे पाहिलं. सकाळी भांडलेली बाई ती हीच का, असं.

"म्हंजी हक्क सोडतीस?" पाटलांनी विचारलं.

"हक्क म्या मागितलाच नव्हता. तुमच्या वडलांनी मायेनं दिलं, म्या मायेनं घेतलं. पाटील, एक करा. पायऱ्या बुजवा. म्या पुन्यांदा परतूरला जाते, चाक मागते. मंग ना मी लागनार, ना माझी सून."

"आसरांची वाट बुजवायची? तू सांगतीस हे? नवस बोललेली बाई?"

आसराबाईनं पदर सारखा केला. सगळं गाव आता नुसतं बघत होतं.

"नवस नव्हता, पाटील."

"काय?"

"नवस नव्हता. म्या बोललेच न्हाई कव्हा. तुमची माय मला ढकलून पाण्यात उतरून राह्यली व्हती, तव्हा तोंडातून निघालं. त्याआधी महिनाभर शिशी घेऊन फिरले, कुनी बघितलं न्हाई. कडूबा, तू तर म्हनलास माझ्या डोळ्यात नाचत्यात म्हनून. नारू आसरांच्या कोपानं व्हत न्हाई. पाण्यात बारीक किडा असतो. नारूवाल्यानं पाय घातला की त्याची पिल्लं त्या किड्यात जात्यात, अन् आपन पितो. म्या दोनच गोष्टी केल्या. पाय पडू दिला न्हाई अन् गाळून दिलं. ते कुनीबी करू शकतं. रामकिसननं काल पाय सोडलाय पाण्यात. आता त्या पाण्यातून गाळल्याबिगर एक थेंब पिऊ नका. हात जोडते."

इतकं लांब ती गावापुढं कधीच बोलली नव्हती.

मग कडूबा, आवाज खाली आणून, जवळजवळ प्रेमानं म्हणाला, "आसराबाई, खांद्याचं दुखनं डोक्यात गेलं काय गं?"

"सगुणाला इचारा! तिनं बघितलंय."

सगळ्यांच्या माना पायऱ्यांखाली वळल्या. सगुणाबाई सावकाश उठली.

"खरं हाय, मालक. म्या बघितले, नाचत्यात. आमी घरी बी पुन्यांदा गाळून पितो, फडक्यानं. मामाकडं, जत्रंला, जिथं जाऊ तिथं गाळतो. पहिला चैत्र सोडला तर आमच्यात कुनालाच न्हाई निघाला नारू. तुमचे जे परगावी जाऊन आले, त्यांना निघाला. आठवा."

हे बिनतोड होतं. गावानं आठवून पाहिलं असतं तर एकेक नाव सापडलं असतं. पाटलांनी क्षणभर खरंच आठवल्यासारखं केलं, मग हसले.

"अगं सगुणा, पन तुमच्या घागरीत पानी कुनाचं? नवसाचंच ना? आसराबाईच्याच हातचं?"

"हाव, पन..."

"मंग झालं की."

चावडी सैल झाली. कुणीतरी तंबाखूची चंची सोडली. सगुणाबाई खाली बसली.

"पाटील," आसराबाई म्हणाली, "देवाशपथ खोटा व्हता नवस."

"देवाशपथ नगं घेऊ." पाटील तक्क्यावरून पुढं सरकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. "मला कळून राह्यलं, तू काहून बोलतीस हे. सूनंला सोडवायचीय. आमची माय बी आमच्यापायी खोटं बोलायची. पन आसरांना खोटं करू नगंस. नवस खोटा असता तर पावला असता का? एवढा मोठा नारू, एका फडक्यानं जाईल? लहान पोरगं तरी मानंल का?"

"पाटील, म्या..."

"ऐक. गावानं तुला नारू घालवनारी म्हनून मानलंय. तुझ्या माघारी तुझ्या घरालाबी मानू. पेंढ्या म्या स्वतः घरी धाडतो, झालं गेलं इसरून जाऊ. तू बस घरी, खांदा शेक. उद्या सकाळच्याला सूनंला बारवेवर धाड. न्हाई धाडली अन् पुढच्या चैत्राला कुनाच्या पायाला काडी लागली, तर लोकं तुझ्याच दारात येतील. ते मला बघवायचं न्हाई. सांग, धाडशील ना?"

खांबाआडून रायभान पहिल्यांदाच बोलला. "माय, हाव म्हन ना. संपव."

आसराबाईनं पाटलांकडे पाहिलं, मग कडूबाकडे. मग सगुणाबाईकडे, पण ती आता जमिनीकडे बघत होती. कडूबाई मागं उभी, ओठ घट्ट मिटून. तीसुद्धा सासूच्याच तोंडाकडे बघत होती, गावाइतकीच वाट बघत.

आसराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. उजवा हात तिनं डाव्या हातानं उचलून पदरात अडकवला. एका पायरीवर थांबली, श्वास घेतला, आणि उरलेल्या पायऱ्या एकेक करून उतरली.

"आसराबाई! म्या काही इचारून राह्यलो!"

ती घराकडे न वळता बारवेवरच्या चिंचेच्या बाजूनं चालत गेली. सावकाश, वळून न बघता.